सड्यावर वारा भरपूर, धोरणाचाच पत्ता नाही

घाटमाथा

गणपतीला गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आमचं गाव साताऱ्यातल्या पाटणच्या वर, वनकुसवड्याच्या सड्याला (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळी पठार) लागून. पुतण्याला घेऊन वर गेलो तर धुकं, आडवा पाऊस, गाडीचं दार उघडलं की हातातून सुटतंय एवढा वारा, आणि धुक्यातून दिसत होत्या त्या अकरा पवनचक्क्यांपैकी चार बंद. पुतण्या म्हणाला काका एवढा वारा असून या का थांबल्यात. आता मी याच धंद्यात चौदा वर्षं काढली, आधी उभारणीला मग मेंटेनन्सला, शिडीने टॉवर चढून वर नॅसेलमधे, म्हणजे पात्यांमागच्या मशीनच्या खोलीत, बसून भाकरी खाल्लीय (वर सगळं डोलत असतं, पहिल्या दिवशी ओकलो होतो), तरी पोराला दोन वाक्यात उत्तर देता येईना. एकीची गिअरबॉक्स गेली असेल, एकीचा वीज खरेदीचा करार संपला असेल, एकीचा मालक मुंबईत बसून विसरूनही गेला असेल की आपली एक पवनचक्की आहे.

शेवटचं थट्टेने नाही लिहिलं. माझी पहिली साइट ऐका. मार्चचा शेवटचा आठवडा, घाटात क्रेन आणि ट्रेलरची रांग, रात्री हॅलोजन लावून ब्लेड चढवतायत, वारा वाढला की काम थांबवायचं असतं पण साहेब खाली उभं राहून घड्याळ बघतोय. ३१ तारखेला रात्री साडेअकराला मशीन ग्रिडला जोडलं, मीटरवर थोडी युनिट पडली, सर्टिफिकेट झालं, पेढे वाटले. आणि १ एप्रिलला सकाळी तेच मशीन बंद केलं कारण आतलं अर्धं काम बाकी होतं. ते पुरं व्हायला जून उजाडला. मला वाटायचं आपण वीज तयार करतोय, नंतर कळलं की आपण डेप्रिसिएशन तयार करतोय.

म्हणजे कसं, पवनचक्की उभारली की पहिल्याच वर्षी किमतीच्या ८० टक्के घसारा (डेप्रिसिएशन, म्हणजे मशीनची कागदावरची झीज) दाखवून नफ्यातून वजा करता यायचा. त्यामुळे पवनचक्की घेणारे कोण, तर ज्यांना टॅक्स वाचवायचाय ते. कापड गिरणीवाले, बिल्डर, सराफ. राज्याने त्यावर विक्रीकरातही सूट दिली होती. मशीन पुढची वीस वर्षं किती फिरतंय याच्यात त्यांचा जीव नव्हता.

मग डिसेंबर २००९ मधे शहाणपण सुचलं आणि युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली, जनरेशन बेस्ड इन्सेंटिव्ह. घसारा घ्या नाहीतर हे घ्या. म्हणजे जो वीज बनवेल त्याला पैसे. बरं चाललं होतं. आणि एप्रिल २०१२ ला एका फटक्यात दोन्ही काढलं, घसारा १५ टक्क्यांवर आणि ५० पैसे बंद. २०११-१२ मधे देशात ३,२०० मेगावॅटच्या आसपास पवनऊर्जा लागली होती, पुढच्या वर्षी १,७०० वर आली. मग २०१३ मधे ५० पैसे परत आणले, २०१४ मधे ८० टक्के परत आणले, २०१७ मधे घसारा ४० टक्के केला, ५० पैसे पुन्हा बंद. आणि त्याच वर्षी ठरलेला दर देणं सोडून उलटा लिलाव सुरू, जो सगळ्यात कमी दर बोलेल त्याला काम. फेब्रुवारी २०१७ ला पहिला लिलाव युनिटला ३ रुपये ४६ पैशांना गेला, ऑक्टोबरला २.६४ आणि डिसेंबरला गुजरातच्या लिलावात २.४३. आपल्याकडे राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेले दर त्याआधी कमी वाऱ्याच्या झोनसाठी पाच रुपयांच्या वर होते!

२०१६-१७ मधे विक्रमी साडेपाच हजार मेगावॅट, पुढच्या वर्षी पावणेदोन हजार. वारा तोच होता आणि डोंगरही जागेवरच होते.

माझ्या ओळखीची पोरं ब्लेडच्या कारखान्यात होती, फायबरचं कापड अंथरून रेझिन भरायचं हाताचं काम, शिकायला वर्ष जातं. २०१८ ला घरी बसवली. त्यातला एक आता कराडला मोबाईलचं दुकान चालवतो. लिलाव परत वाढले तेव्हा कंपन्या म्हणायला लागल्या कुशल माणूस मिळत नाही. कुठून मिळणार राव.

२०२२ पर्यंत देशात ६० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) करायचं होतं, ४२ च्या आसपास पोचलो. मार्च २०२५ मधे पन्नाशी ओलांडली. आता २०३० पर्यंत १०० म्हणतायत. तुम्हाला काय वाटतं, होईल?

चिमटा

लेख आवडला पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. सोलर अडीच रुपयाला मिळतंय, छपरावर बसतं, आवाज नाही, फिरणारा पार्ट नाही. मग हे शंभर मीटरचे खांब हवेतच कशाला? मेला धंदा तर मरू दे की. पोस्टाचा टेलिग्राम पण मेला.

हिशेबनीस

घाटमाथा, तुमचा राग समजतो पण घसाऱ्याला एवढं झोडपू नका. मी सीए आहे, त्या काळात अशा बऱ्याच फाइली केल्यात. सुरुवातीच्या काळात कुठली बँक पवनचक्कीला कर्ज देत होती? कोणाला माहितीच नव्हतं हे चालतं का नाही. समजा मेगावॅटला ५ कोटी लागले. ८० टक्के म्हणजे ४ कोटी पहिल्या वर्षी नफ्यातून वजा, टॅक्स तेव्हा ३३ टक्क्यांच्या घरात, म्हणजे सव्वा-दीड कोटी तिथेच वाचले. त्यामुळे माणूस धाडस करायचा. पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन १९९५ ला सुरू झाली तीच मुळी अशी की तुलसी तांतींचा कापडाचा धंदा होता आणि विजेचं बिल परवडेना म्हणून त्यांनी स्वतःसाठी पवनचक्क्या घेतल्या, मग लक्षात आलं की हाच धंदा मोठा आहे. गुजरातेतून येऊन पुण्यात मुख्यालय केलं आणि २००७ मधे जर्मनीची रीपॉवर ही पवनचक्की कंपनी विकत घ्यायला निघाले. हे सगळं त्या घसाऱ्याच्या जिवावर उभं राहिलं हे विसरू नका. पुढे कर्जाच्या डोंगराखाली ती रीपॉवर सुझलॉनला २०१५ मधे विकावी लागली ही गोष्ट निराळी.

एक मात्र खरं. नियमात १८० दिवसांची अट असते, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्मा. म्हणून दोन तारखांना झुंबड, ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च. तुम्हाला मार्च आठवतो, मला सप्टेंबर. क्लायंट फोन करून विचारायचे, साहेब साइटवर पाऊस आहे म्हणतात, तारीख चार दिवस इकडेतिकडे होते का. म्हटलं वाऱ्याला विचारा.

ग्रिडवाला

मी लोड डिस्पॅचमध्ये होतो, म्हणजे कोणी किती वीज ग्रिडमध्ये सोडायची ते सांभाळणारं केंद्र, आता निवृत्त. चिमटा यांना उत्तर देतो. सोलर दुपारी बारा वाजता स्वस्त आहे हो. संध्याकाळी सात वाजता तुम्ही एसी, टीव्ही, मिक्सर लावता तेव्हा ते शून्य असतं. आमची खरी परीक्षा तेव्हाच. वारा संध्याकाळी, रात्री असतो. एवढ्या एका कारणासाठी पवनऊर्जा पाहिजे, नाहीतर बॅटरीचा खर्च धरा आणि मग अडीच रुपये म्हणा.

पण महाराष्ट्रातली गंमत अशी की आपला वारा जून ते सप्टेंबर, आणि तेव्हाच आपली मागणी खाली. शेतीपंप बंद, एसी बंद. आपली ओढाताण मार्च ते मे आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात. तेव्हा सड्यावर पान हलत नाही. म्हणजे ज्याची गरज नाही तेव्हा ताट भरून आणि भूक लागली तेव्हा रिकामं. तामिळनाडूतही वारा मे ते सप्टेंबर, पण त्यांच्या सूतगिरण्या बारा महिने चालतात आणि त्यांना बँकिंग दिलं, म्हणजे पावसाळ्यात बनवलेली वीज खात्यात जमा आणि नंतर वापरा. कोइम्बतूरच्या गिरण्या त्याच्यावर जगल्या. वितरण कंपनीला मात्र ते नको असतं, कारण स्वस्ताच्या दिवसात वीज जमा करून घ्यायची आणि महागाच्या दिवसात परत द्यायची.

आता गंमत बघा. वनकुसवड्याच्या खाली काय आहे? कोयना! १,९६० मेगावॅटचं जलविद्युत, बटण दाबलं की मिनिटात येणारं. पावसाळ्यात वारा सुटला की कोयनेचं पाणी अडवून ठेवायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं, यापेक्षा चांगली जोडी देशात कुठं सापडेल? अडचण ही की कृष्णा पाणीवाटप लवादाने पाणी पश्चिमेला वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय, आणि पुरात धरण भरत आलं की पाणी साठवणार कुठे, सोडावंच लागतं. तरी आहे त्या मर्यादेत सुद्धा वारा-पाणी एकत्र धरून वर्षाचं नियोजन करण्यासारखं आहे. पण पवनचक्क्या खाजगी, कोयना सरकारी, खाती वेगळी. एका टेबलावर कोण बसवणार.

आणि लाइनचा मुद्दा कोणी काढला नाही. पवनचक्क्या दीड वर्षात उभ्या राहतात, हाय टेन्शन लाइनला तीन-चार वर्षं लागतात, मधे कोणाचं शेत, कोणाचं जंगल. टॉवर उभे, लाइन नाही. किंवा लाइन आहे पण तिची ताकद कमी, मग आम्हीच फोन करायचो, बॅक डाउन करा, म्हणजे निर्मिती कमी करा. घाटमाथा, तुमच्या त्या चारपैकी एखादी त्यामुळेही थांबली असेल.

घाटमाथा

ग्रिडवाला साहेब, म्हणजे तुमच्याच फोनमुळे आम्ही भर पावसात रिस्टार्टला पळायचो होय! नमस्कार स्वीकारा :)

ग्रिडवाला

शिव्या खूप खाल्ल्यात, नमस्कार पहिलाच.

डॅनिशपाव

मी नागपूरची, अकरा वर्षं डेन्मार्कमधे आरहूसला आहे. इथे व्हेस्टास या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आहे त्यामुळे दर तिसरा शेजारी वाऱ्यावर जगतो. तुमचा धागा वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

डेन्मार्कनेही सबसिडी दिली, १९७९ मधे, किमतीच्या ३० टक्के. पण अट अशी की रिसो नावाच्या सरकारी संशोधन केंद्राने जे मशीन तपासून पास केलं त्यालाच. मग ती सबसिडी दर दोन-चार वर्षांनी थोडी थोडी कमी करत नेली आणि १९८९ मधे बंद केली. दहा वर्षं. सगळ्यांना दिसत होतं की पायरी खाली येतेय, कोणाचा पाय अडखळला नाही. तुमच्याकडे एप्रिल २०१२ ला लिफ्टची केबलच कापली.

दुसरं म्हणजे मालकी. कोपनहेगनच्या किनाऱ्याजवळ मिडलग्रुंडन म्हणून २० पवनचक्क्या आहेत, २००० साली बांधलेल्या, ४० मेगावॅट. निम्म्या वीज कंपनीच्या आणि निम्म्या साडेआठ हजार लोकांच्या सहकारी संस्थेच्या. शिक्षक, नर्स, रिटायर्ड लोक. पुढे कायदाच झाला की नवीन प्रकल्पात किमान २० टक्के हिस्सा आधी आसपासच्या रहिवाशांना देऊ करायचा, तो कायदा काही वर्षांपूर्वी काढला पण सवय लागली होती. माझी सासू, वय ७८, तिच्याकडे तिच्या गावच्या पवनचक्कीचे शेअर्स आहेत. वारा सुटला की ती चिडत नाही, खूश होते.

मला खरंच कळत नाही, साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ सगळं सहकारात करणाऱ्या महाराष्ट्रात एकही गाजलेली सहकारी पवनचक्की का नाही?

चिमटा

सहकारी काढली असती तर चेअरमनच्या भाच्याने ब्लेड विकून खाल्लं असतं.

डॅनिशपाव

हाहा. बरं, इथलं सगळं गोड नाही हे पण सांगते. डिसेंबर २०२४ मधे इथे समुद्रातल्या ३ गिगावॅटचा लिलाव होता, एकही बोली आली नाही. शून्य. सबसिडी नाही असं सरकारने ठणकावलं होतं, आणि कंपन्यांनी तोंड फिरवलं. डेन्मार्कमधे! लोकांना विश्वास बसेना.

टिटवी

सगळे वीज आणि पैसे बोलताय, थोडं सड्याबद्दल बोलू का? सरकारी कागदावर सडा म्हणजे पडीक. कास पठार त्याच रांगेत आहे, २०१२ मधे पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं, आणि तिथून थोड्या अंतरावर चाळकेवाडीला पवनचक्क्यांचं जंगल. मी १५ वर्षं जातेय तिथे.

चाळकेवाडीवर एक सरडा आहे, नर एप्रिल-मेमधे दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतो, निळा, काळा, केशरी. २०१६ मधे संशोधकांनी त्याचा गट वेगळा काढला तेव्हा शास्त्रीय नावच सरडा ठेवलं, आपल्या मराठीतून. २०१८ मधे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी याच पठारावरचा अभ्यास छापला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी. म्हणून सरडे वाढले, माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत, पण अंगाने रोडावलेले. म्हणजे पवनचक्कीच त्या पठारावर सगळ्यात वरचा शिकारी होऊन बसली!

आणि कायदा काय म्हणतो? २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत पवनऊर्जा यादीतच नाही. जंगलजमीन असेल तर वनखात्याची परवानगी, बाकी ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामाची आधी तपासणी, करायचीच नाही. हिरवी वीज म्हणून सूट. मग राजस्थानात विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्यांचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं, एप्रिल २०२१ ला आदेश आला की तारा जमिनीखालून न्या, सगळा उद्योग हादरला, मार्च २०२४ मधे तो आदेश सैल करून समिती नेमली. आधीच नीट अभ्यास करून कुठे उभारायचं कुठे नाही याचा नकाशा केला असता तर कोर्टात जावंच लागलं नसतं. पवनचक्क्यांना माझा विरोध नाही, पण माळ दिसला की रिकामा समजायची सवय आहे ना, तिला आहे.

घाटमाथा

टिटवीताई, ते सरडे मी रोज बघायचो, टॉवरच्या फाउंडेशनच्या सिमेंटवर ऊन खात बसायचे. आम्ही त्यांना सुपरवायझर म्हणायचो. तुमचं पटतंय. आणि म्हणूनच मला वाटतं की नवीन डोंगर फोडण्याआधी जुन्या जागा नीट वापरा.

वनकुसवड्याला जी जुनी मशीनं आहेत ती ३५० किलोवॅटची. आज तीन मेगावॅटचं मशीन मिळतं, १४० मीटर उंच, म्हणजे जुनी आठ-नऊ काढून एक लावलं तरी क्षमता तेवढीच आणि उंचीवर वारा चांगला म्हणून वीज जास्तच. पठारावर खांब कमी, पाती कमी, रस्ते कमी. सगळ्यात भारी वाऱ्याच्या जागांवर सगळ्यात जुनी मशीनं बसलीत, कारण आधी येणाऱ्याने चांगली जागा धरली. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेने काढलंय की देशात असं २५ गिगावॅटच्या वर बदलता येईल. धोरण २०१६ ला आलं, पुन्हा सुधारून डिसेंबर २०२३ ला आलं. किती झालं? बोटावर मोजण्याइतकं.

का ते आमच्या सड्यावर उभं राहिलं की कळतं. ओळीत नऊ मशीनं, नऊ मालक. एक सूरतचा, एक पुण्याचा, एक कंपनी दिवाळखोरीत, एकाचे वारस भांडतायत. नवीन मशीन एकच, ते कोणाचं? कोणाच्या सातबाऱ्यावर? जुन्या करारात दर चांगला होता तो सोडून नव्या दरावर कोण येणार? बरं सगळे तयार झाले असं धरा, तर ब्लेड आणायचं कसं. नवं ब्लेड ७० मीटर लांब, आमच्या घाटाच्या वळणावर एसटीला रिव्हर्स घ्यावा लागतो.

हिशेबनीस

यावर हाउसिंग सोसायटीच्या पुनर्विकासासारखं काहीतरी लागेल. ठराविक टक्के मालक तयार झाले की बाकीच्यांना यावंच लागेल, प्रत्येकाला नव्या मशीनमधे त्याच्या किलोवॅटप्रमाणे हिस्सा. आणि घाटमाथा, बघा, तेव्हा घसाऱ्याने सुटे सुटे मालक तयार केले त्याची फळं ही. हे मी मान्य करतो.

बालाघाट

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. तुमच्या साताऱ्यात जे २५ वर्षापूर्वी झालं ते आमच्याकडं आता चाललंय. बीड, धाराशिव, बालाघाटच्या माथ्यावर रोज ट्रेलर. वाऱ्याचं आम्हाला काय बी माहित नव्हतं, आमच्याकडं वारं म्हणजे ज्वारी लोळवणारं.

आमच्याकडं कंपनीचा साहेब येत नाही, एजंट येतो. गावचाच असतो नायतर शेजारच्या गावचा, पांढरी गाडी, दोघं-तिघं बरोबर. एका भावाला एक दर, दुसऱ्याला दुसरा. रस्ता करताना बांध फोडला, पाण्याची वाट बदलली, पावसात अर्धा एकर सोयाबीन गेलं, कोणाला विचारायचं तर एजंट म्हणतो ते काम दुसऱ्या कंत्राटदाराचं. आणि बीडला मस्साजोगला डिसेंबर २०२४ मधे काय झालं सगळ्या महाराष्ट्राने पाह्यलं. पवनचक्की कंपनीकडून खंडणी मागण्यावरनं वाद आणि सरपंचाचा खून, केस कोर्टात आहे. तुम्ही लोकं दर आणि लिलाव म्हणता, आमच्याकडं पवनचक्की म्हणलं की लोकं आधी पोलीस स्टेशनचं नाव घेतात.

मला एक सांगा, २ रुपये ४३ पैशाला वीज विकणारा माणूस माझ्या बांधाचे पैसे कुठून देणार?

घाटमाथा

बालाघाट भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न मी धाग्यात लिहायला पाहिजे होता. लिलावात दर खाली गेला की कात्री कुठे लागते? मशीनची किंमत थोडी कमी होते, व्याज कमी होत नाही, मग उरतं काय, जमीन, रस्ता, मेंटेनन्सवाल्याचा पगार. जमीन राज्याचा विषय, वीज केंद्र-राज्य दोघांचा, लिलाव दिल्लीत आणि भांडण तुमच्या बांधावर.

आमच्या वडिलांच्या वेळीही तेच झालं. सड्यावरची गुरांची जमीन एजंटने ठरवलेल्या भावाने दिली, त्या पैशात आत्याचं लग्न आणि एक म्हैस. म्हैस मेली. मशीन अजून फिरतंय. त्याच मशीनवर मी पुढे नोकरीला लागलो, पगारी. वडील शेवटपर्यंत सांगायचे की बघा माझ्या पोराला आपल्याच रानात कामाला ठेवलंय.

चिमटा

ओके, मी माझी टेलिग्रामवाली कमेंट मागे घेतो. पण चीनचं बोला कोणीतरी. त्यांनी २०२४ या एका वर्षात ८० गिगावॅटच्या आसपास लावलं, आपलं तोवरचं सगळं मिळून ५० च्या आसपास. मग आपणच एवढे भुक्कड का.

हिशेबनीस

त्यांनी २००५ मधे नियम केला, मशीनचा ७० टक्के भाग चीनमधे बनलेला पाहिजे. व्हेस्टास, सुझलॉन सगळ्यांनी तिथे कारखाने टाकले. चार-पाच वर्षांत त्यांचे सप्लायर तयार झाले, गिअरबॉक्स, बेअरिंग, टॉवर, आणि २००९ मधे नियम काढून टाकला, तोपर्यंत काम झालं होतं. आपण जुलै २०२५ मधे मान्यताप्राप्त यादी काढली, की ब्लेड, टॉवर, गिअरबॉक्स, जनरेटर, बेअरिंग यादीतल्याच कारखान्यातलं हवं. वीस वर्षांनी. नियम वाईट नाही, पण त्यांनी नियमासोबत ऑर्डर दिल्या, दरवर्षी आधीपेक्षा जास्त. आपल्याकडे कारखान्यांची क्षमता तेव्हा वर्षाला १८ गिगावॅट सांगायचे आणि २०२४-२५ मधे लागलं ४ च्या थोडं वर. बाकीच्या शेडमधे काय, लग्नं लावायची?

ग्रिडवाला

आणि पैसे वेळेवर द्यायचं कोणी बोलत नाही. वितरण कंपन्या पवनचक्कीवाल्यांचे पैसे महिनोन्‌महिने थकवायच्या, आमच्या डोळ्यांदेखत. २०२२ च्या जूनमधे केंद्राने नियम केले, जुनी थकबाकी हप्त्याने द्या, नाहीतर बाहेरून वीज घेणं बंद, तेव्हा गाडी रुळावर आली. आंध्रने तर २०१९ मधे सह्या झालेले करारच पुन्हा उघडायला काढले, दर जास्त आहे म्हणून. २०२२ मधे हायकोर्टात हरले, पण तीन वर्षं बँका काय समजल्या असतील? पुढच्या माणसाला कर्ज देताना व्याज तेवढं चढतंच. सरकार बदललं की करार बदलतो असा एकदा समज झाला की मग सबसिडी कितीही द्या.

टिटवी

समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काय झालं आपल्याकडे? तिथे निदान सरडे नाहीत.

घाटमाथा

धोरण ऑक्टोबर २०१५ ला आलं. २०१८ ला खंबातच्या आखातासाठी इच्छुकांना बोलावलं. जून २०२४ ला मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी मंजूर केले, गुजरात ५०० मेगावॅट, तामिळनाडू ५०० मेगावॅट. दहा वर्षं झाली, समुद्रात एक पातं नाही. खर्च जमिनीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त, बंदर लागतं, खास जहाज लागतं. मी काही आशा धरून नाही. आहे त्या डोंगरावरचं आधी नीट करा.

बालाघाट

बरं, मला एक मदत पाहिजे. येत्या गुरुवारी एजंट येणार आहे, चार एकराचा तीस वर्षांचा भाडेकरार म्हणतोय. कागद इंग्रजीत आहे. काय विचारू?

हिशेबनीस

पहिलं, मराठीत प्रत मागा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. मग तीन गोष्टी विचारा. एक, कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडं कोण देणार, ते करारात लिहा. या धंद्यात प्रकल्प हातोहात विकले जातात. दोन, तीस वर्षांनी मशीन आणि खालचं सिमेंटचं फाउंडेशन कोण काढणार, आणि त्यासाठी आत्ता डिपॉझिट ठेवणार का. तीन, रस्ता आणि तारांचे पैसे वेगळे का याच्यातच. आणि दरवर्षी भाडं किती टक्के वाढणार ते आकड्यात.

घाटमाथा

दुसरा प्रश्न नक्की विचारा. त्या फाउंडेशनमधे शेकडो घनमीटर काँक्रीट असतं, मी ओतलंय. ते काढायला लावणारा करार मी चौदा वर्षात एकही बघितला नाही.

बालाघाट

आला होता आज. पहिल्या प्रश्नाला म्हणला लिहू की. दुसरा विचारला तर फोन आला म्हणून बाहेर गेला, गाडीचा आवाज आला. चहा तसाच राह्यला कपात. आता शेजारच्या चौघांना पण हाच प्रश्न पाठ करून ठेवलाय.